सूर्याचा जमाखर्च

चंद्र परप्रकाशी आणि सूर्य स्वयंप्रकाशी, हें शाळेंतील लहान मूलहि सांगतें. परंतु ‘स्वयंप्रकाशी’ हा शब्द उच्चारल्यानें प्रश्न सुटत नाहीं. उलट तेथूनच तो सुरू होतो. दिवा लावावयाचा तर तेल जळावें लागतें. काजव्याच्या शरीरांतहि एका द्रव्याचा प्राणवायूशीं संयोग व्हावा लागतो, तेव्हांच तो लुकलुकतो. फुकटचा प्रकाश सृष्टींत कोठेंच नाहीं. मग सूर्य काय खर्च करतो, आणि हा खर्च त्यास किती काळ झेपेल? या हिशेबांत पाश्चात्य विद्वान् शंभर वर्षांहून अधिक काळ गुंतले होते. त्याचा इतिहास सूर्याइतकाच माणसाच्या बुद्धीवरहि प्रकाश पाडतो, म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शक्ति नवी निर्माण होत नाहीं व नष्टहि होत नाहीं, हा सिद्धान्त ज्यांनीं प्रथम मांडला त्यांत रॉबर्ट मेयर हा जर्मन वैद्य होता. १८४८ सालीं त्यानें दाखविलें कीं, सारा सूर्य कोळशाचा मानला तरी तो सुमारें पांच हजार वर्षांत जळून जाईल. उल्कांच्या वर्षावानें सूर्य तापत असावा, अशी त्याची कल्पना होती. १८५४ सालीं हेल्महोल्ट्झ यांनीं तीहून सरस कल्पना पुढें आणली : सूर्य स्वतःच्या भारानें हळूहळू आकुंचन पावत आहे, आणि त्या आकुंचनांतूनच उष्णता व प्रकाश निघत आहेत.

पुढें लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आलेले विल्यम टॉमसन यांनीं १८६२ सालीं या पायावर गणित मांडलें. सूर्य दहा कोटी वर्षांहून अधिक काळ पृथ्वीवर प्रकाशत असण्याचा संभव थोडा. पन्नास कोटी वर्षें तर जवळजवळ अशक्यच, असा निर्णय त्यांनीं दिला. हा निर्णय चार्ल्स डार्विन यांच्या वर्मीं लागला. प्राणिजातींचा उगम मंद गतीनें झाला असें म्हणणाऱ्यास अफाट काळ हवा. इंग्लंडांतील वील्ड या प्रदेशाची झीज होण्यास तीस कोटी वर्षें लागलीं असावींत, असा अंदाज त्यांनीं १८५९ सालच्या ग्रंथांत दिला होता. टीका झाल्यावर १८६१ च्या आवृत्तींत त्यांनीं तो गाळला, तरी टॉमसन यांचा घाव चुकला नाहीं. पृथ्वीचें हें अल्प वय आपणांस अत्यंत त्रास देत आहे, अशी कबुली १८६९ सालीं वॉलेस यांस धाडलेल्या पत्रांत त्यांनीं दिली. १८८२ सालीं ते निवर्तले, तोंवर या आक्षेपास उत्तर मिळालें नव्हतें. १८९७ सालीं तर केल्विन यांनीं पृथ्वीचें वय दोन ते चार कोटी वर्षांवर आणून ठेविलें.

केल्विन यांचें गणित चुकलें होतें काय? मुळींच नाहीं. केवळ आकुंचनावर जगणारा सूर्य दोन-तीन कोटी वर्षेंच टिकेल, हें आजहि मान्य आहे. चूक होती ती भांडवलाच्या मोजदादींत. आणि मौज अशी कीं, सृष्टीच्या भांडारांत आम्हांस अज्ञात असा दुसरा उगम नसेल तर, ही अट त्यांनीं १८६२ च्या निबंधांतच घातली होती. वादाच्या भरांत अट मागें पडली आणि आकडा तेवढा उरला.

त्या उगमाची राख मात्र लौकरच डोळ्यांसमोर आली. १८६८ च्या ऑगस्टमध्यें हिंदुस्थानांत दिसलेल्या खग्रास ग्रहणांत सूर्याच्या वर्णपटांत एक पिवळी रेषा आढळली. ती ज्ञात मूलद्रव्यांपैकीं कोणाचीहि नाहीं, हें लॉक्यर यांनीं त्याच वर्षीं इंग्लंडांत ओळखलें, तेंच हेलियम. आमच्याकडे हा शोध विजयदुर्गावर लागला असें पुष्कळदां सांगतात. पण लॉक्यर विजयदुर्गास आले ते १८९८ सालच्या ग्रहणास. असो. राख दिसली, ती राख आहे हें मात्र कोणासहि कळलें नाहीं.

१९०४ सालीं रदरफोर्ड लंडनमध्यें रेडियमवर व्याख्यान देत असतां वृद्ध केल्विन श्रोत्यांत बसले होते. रेडियमची उष्णता त्यांच्या सिद्धान्तावर गदा आणणारी होती. रदरफोर्ड यांनीं समयसूचकतेनें ती जुनी अटच पुढें केली, आणि केल्विन यांची मुद्रा खुलली, असें स्वतः रदरफोर्ड यांनीं पुढें सांगितलें. रेडियम हें सूर्याचें भांडवल नव्हे. पण परमाणूच्या गर्भांत प्रचंड शक्ति आहे, हें त्यानें उघड केलें. १९२० सालीं ॲस्टन यांच्या मापनांतून दिसलें कीं, हायड्रोजनचे चार परमाणु हेलियमच्या एका परमाणूहून किंचित् जड असतात. हजारांतले हे सात भागच प्रकाशरूपानें बाहेर पडत असतील, असें एडिंग्टन यांनीं त्याच वर्षीं सुचविलें.

पण सूर्यांत एवढा हायड्रोजन आहे काय? मेघनाद साहा यांच्या १९२० च्या समीकरणाच्या आधारें सिसिलिया पेन या पंचवीस वर्षांच्या विदुषीनें १९२५ सालीं हार्वर्डमध्यें सिद्ध केलें कीं, तारे मुख्यत्वें हायड्रोजनचेच आहेत. प्रिन्स्टनचे रसेल यांनीं हें अशक्य ठरविलें; आणि ज्येष्ठांच्या शब्दाखातर तिनें आपला खरा आकडा स्वतःच्याच प्रबंधांत अविश्वसनीय म्हणून नोंदविला. चार वर्षांनीं रसेल स्वतःच त्या निर्णयास पोंचले. १९३८-३९ मध्यें हान्स बेथे यांनीं हायड्रोजनपासून हेलियम कसें घडतें, याची सोपानपरंपरा लावून दाखविली.

तरी ताळा राहिलाच होता. या क्रियेंतून निघणारे न्यूट्रिनो नामक कण रेमंड डेव्हिस यांनीं अमेरिकेंतील एका सोन्याच्या खाणींत मोजले, तों अपेक्षेच्या तिसरा हिस्साच हातीं लागला. ही तूट तीस वर्षांहून अधिक काळ खटकत राहिली. अखेर २००१-०२ मध्यें कॅनडांतील सडबरी येथील प्रयोगानें दाखविलें कीं, कण हरवत नाहींत. वाटेंत जात बदलतात. हिशेब जुळला.

आज आपणांस ठाऊक आहे कीं, सूर्य दर सेकंदास सुमारें साठ कोटी टन हायड्रोजन खर्च करतो, आणि त्यांतील चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमानाचा प्रकाश होतो. असा खर्च करीत त्यानें सुमारें ४६० कोटी वर्षें काढलीं असून आणखी ५०० कोटी वर्षें पुरेल इतकें भांडवल त्याच्यापाशीं आहे. डार्विन यांस हवा होता त्याहून कितीतरी अधिक काळ त्यांच्या पदरांत पडला. पण तो पाहण्यास ते नव्हते. केल्विन यांच्या आकड्यापेक्षां त्यांची अटच अधिक मोलाची ठरली. ज्या वादांत एका पक्षाजवळ समीकरण असतें आणि दुसऱ्याजवळ केवळ खडकांची साक्ष, तेथें समीकरणाखालीं बारीक अक्षरांत लिहिलेली अट आपण आधीं वाचावी, असें आम्हांस वाटतें.