रायफल स्कोप : जवळच्या व मध्यम पल्ल्यासाठी

रायफलीवर बसवायची अशी दुर्बीण, की जिचे वर्धन नळीवरचे कडे फिरवून एक पटीपासून चार, सहा, आठ किंवा दहा पटींपर्यंत नेता येते. नेमबाजांमध्ये ती ‘एलपीव्हीओ’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. पन्नास मीटरच्या आतले लक्ष्य दोन्ही डोळे उघडे ठेवून झटकन टिपता यावे आणि त्याच दुर्बिणीतून तीनशे-चारशे मीटरवरचे लक्ष्य ओळखून वेधता यावे, ही तिच्याकडून अपेक्षा. घेणाऱ्याची नजर बहुधा वरच्या आकड्यावर जाते. पण दुर्बिणीची खरी परीक्षा खालच्या आकड्यावर, म्हणजे एक पटीवर होते, आणि किमतीतला बराच वाटा तिथेच खर्ची पडलेला असतो.

१-६×२४ या खुणेचा अर्थ वर्धन एक ते सहा पट आणि वस्तुभिंगाचा व्यास २४ मिमी. एक पटीवर शंभर मीटर अंतरावरचा सुमारे ४० मी. रुंदीचा पट्टा दिसतो, सहा पटींवर तो सहा-सात मीटरवर येतो. हरणाच्या शिकारीसाठी रूढ असलेली ३-९×४० दुर्बीण जवळच्या कामाला अपुरी पडते ती यामुळेच. तिची सुरुवातच तीन पटींपासून होते आणि वीस मीटरवरून पळणारे जनावर त्या चिंचोळ्या दृश्यात सापडेपर्यंत निघून गेलेले असते.

वस्तुभिंग उलटी प्रतिमा तयार करते. नळीच्या पोटातला भिंगांचा संच ती सुलटी करतो आणि कडे फिरवल्यावर याच संचातली भिंगे पुढेमागे सरकून वर्धन बदलते. एक पटीवर ही सगळी भिंगे मध्ये असूनही काहीच मध्ये नसल्यासारखे दिसावे लागते. उजवा डोळा दुर्बिणीतून आणि डावा उघड्यावर पाहत असतो. दोन्ही दृश्यांचा आकार थोडा जरी वेगळा असला, तरी मेंदूला ती एकजीव करणे जड जाते. मग नेमबाज नकळत एक डोळा मिटतो आणि एक पटीचा सारा फायदा जातो. स्वस्त दुर्बिणींत ‘एक’ लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात वर्धन १.१ किंवा त्याहून अधिक निघते, आणि कडेची दृश्ये फुगीर दिसतात. उत्तम दुर्बिणीतूनही चार-पाच मीटरवरची वस्तू किंचित मोठी दिसते, कारण वस्तुभिंग डोळ्याच्या सुमारे फूटभर पुढे असते. हा दोष नव्हे. दुकानात पारख करायची सोपी रीत अशी : दाराची चौकट किंवा खिडकीचा गज दोन्ही डोळ्यांनी पाहावा. नळीबाहेरची रेषा भिंगातल्या रेषेशी जुळते का, डोके थोडे हलवल्यावर ती तुटते का, हे बघावे. छापील माहितीपत्रकातून हे कळत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विल्यम माल्कम यांनी १८५५ पासून रायफलीच्या दुर्बिणी बनवायला सुरुवात केली. त्या स्थिर वर्धनाच्या होत्या. जवळच्या पल्ल्यासाठी पुढे लाल ठिपक्याचा दर्शक आला (स्वीडनची एमपॉइंट कंपनी, १९७५) आणि मध्यम पल्ल्यासाठी ट्रिजिकॉन कंपनीची चार पटींची ‘एसीओजी’ दुर्बीण (१९८७). दोन्ही कामे एकाच नळीत आणण्याची गरज युरोपात हाक्याच्या शिकारीत आधीच जाणवली होती. झुडपांतून उधळलेले रानडुक्कर वीस मीटरवरही येते आणि ऐंशीवरही. लष्करी वापरात जर्मनीच्या श्मिट अँड बेंडर कंपनीच्या १.१-४×२० ‘शॉर्ट डॉट’ने एकविसाव्या शतकाच्या आरंभी वाट दाखवली. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तीन शस्त्रांच्या ‘थ्री-गन’ स्पर्धांनी या दुर्बिणींना नागरी बाजारात खेचले. अमेरिकी मरीन दलाने फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रिजिकॉनची १-८×२८ दुर्बीण निवडली. जानेवारी २०२२ मध्ये त्या देशाच्या भूदलाने व्होर्टेक्स कंपनीशी १-८×३० दुर्बिणीचा करार केला. तिच्यात लेझर अंतरमापक आणि संगणकही आहे.

निवडताना सर्वाधिक वाद होतो तो रेटिकल, म्हणजे नेमरेषा, कुठे बसवली आहे यावर. सुलटी करणाऱ्या संचाच्या पुढे, पहिल्या नाभीय प्रतलात ती असेल तर वर्धनाबरोबर लहानमोठी होते आणि तिच्यावरच्या खुणा प्रत्येक वर्धनावर खऱ्या राहतात. संचाच्या मागे, दुसऱ्या प्रतलात असेल तर ती कायम एकाच आकाराची दिसते, पण खुणा एकाच, बहुधा कमाल, वर्धनावर खऱ्या असतात. सहा पटींवर एक मिल (मिलरेडियन, कोन मोजण्याचे एकक) दाखवणारी खूण तीन पटींवर दोन मिल दाखवते. पहिल्या प्रतलातली रेषा एक पटीवर मात्र धाग्यासारखी बारीक होते, आणि ती उजळ केली तरी भर उन्हात हरवते. दुसऱ्या प्रतलात भक्कम लाल ठिपका देणे सोपे जाते. माझ्या मते सहा पटींपर्यंतच्या दुर्बिणीत दुसरे प्रतलच घ्यावे. इतक्या पल्ल्यात दूरचा नेम साधताना माणूस कडे शेवटपर्यंत फिरवतोच. आठ-दहा पटींच्या दुर्बिणीत अधलेमधले वर्धनही कामाला येते, तिथे पहिल्या प्रतलाला अर्थ आहे. प्रतल कोणतेही असो, दुपारी बारा वाजता पांढऱ्या भिंतीवर ठिपका दिसत नसेल, तर ती दुर्बीण जवळच्या कामाची नाही.

आठ आणि दहा पटींचा मोह आवरावा, याचे कारण साध्या भागाकारात आहे. वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. २४ मिमी. भिंगावर सहा पटींना ती ४ मिमी., दहा पटींना २.४ मिमी. भर दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिमी. असते, त्यामुळे तेव्हा फरक जाणवत नाही. तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते आणि दहा पटींचे दृश्य अंधुक वाटते. शिवाय डोळा नेमक्या जागी धरावा लागतो, जरा हलला की काळी कड आत शिरते. दोनशे मीटरपर्यंतच्या कामाला १-४ किंवा १-६ पुरते.

नेम वर-खाली आणि डावा-उजवा सरकवणाऱ्या फेरफाराच्या चकत्यांत मेट्रिक विचार करणाऱ्याला मिलरेडियन सोयीचे. शंभर मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंमी., ०.१ मिलची एक टिचकी म्हणजे १ सेंमी. कोनाच्या एका मिनिटाला तिथे २.९ सेंमी. पडतात. रेटिकलही त्याच एककाचे हवे. काडतुसानुसार आखलेल्या खुणा ठरावीक गोळी आणि रायफलीच्या नळीच्या ठरावीक लांबीपुरत्याच खऱ्या असतात. आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते : एआर धर्तीच्या रायफलीवर दुर्बिणीचा अक्ष रायफलीच्या नळीच्या सहा-सात सेंमी. वर असतो, म्हणून पाच-सात मीटरवर गोळी जवळपास तेवढीच खाली लागते.

दुर्बिणीला रायफलीशी जोडणारा पाया दुय्यम समजला जातो, हे चूक आहे. नळीभोवतीच्या सैल वेढ्यांत महागडी दुर्बीणही प्रत्येक बारानंतर थोडी सरकते. दुर्बिणींच्या बहुतेक नळ्या ३० किंवा ३४ मिमी. व्यासाच्या असतात, वेढेही नेमके त्याच मापाचे लागतात. स्क्रू मोजक्या जोराने, पाना वापरून आवळावेत. डोळा आणि नेत्रभिंग यांत नऊ-दहा सेंमी. अंतर सुटेल, इतकी दुर्बीण पुढे बसवावी, नाहीतर धक्क्याने तिची कड भुवईवर बसते. पाया धरून सगळे वजन पाऊण किलोच्या घरात जाते. लाल ठिपक्याचा छोटा दर्शक याच्या कित्येक पट हलका असतो, आणि शंभर मीटरपलीकडे काम नसेल तर तोच घ्यावा.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आल्यापासून अशा दुर्बिणीचा नागरी वापर अगदी थोडा उरला आहे. स्पर्धात्मक नेमबाजीतही ती सहसा दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगी नाही. मागचा भोकदर्शक आणि पुढची कडीची माशी यांवरच नेम धरतात. धावत्या लक्ष्याच्या प्रकारांत मात्र दुर्बीण चालते, पण ते २००४ नंतर ऑलिंपिकमध्ये नाहीत.