‘हितसंबंध नाही’: एका वाक्याची कुळकथा

विद्यापीठातल्या खरेदीची फाईल उघडली की मागणीपत्र, दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीचे इतिवृत्त असे कागद ओळीने लागतात. पुष्कळ फायलींत शेवटच्या पानावर, सह्यांच्या जरा वर, एक वाक्य छापलेले असते: या खरेदीत आमचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नाही. सदस्य सही करतात, पान उलटते. सूक्ष्मदर्शक असो, वसतिगृहाच्या गाद्या असोत की उत्तरपत्रिकांची छपाई, वाक्य तेच. ते इतके अंगवळणी पडले आहे की कोणत्या ठेचेनंतर कोणाला ते सुचले, हे विचारायचेच राहून जाते. विचारू लागलो की दिसते, यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या कज्ज्यातून आला आहे. आणखीही एक गोष्ट दिसते. विद्यापीठांनी हे वाक्य घेतले खरे, पण फायलीत ते सर्वांत आधी यायला हवे होते, ते सर्वांत शेवटी नेऊन ठेवले. माझे म्हणणे एवढेच आहे की या जागाबदलाने वाक्याचा प्राणच गेला.

सार्वजनिक पैसा खाल्ला जातो ही जाणीव आपल्याकडे जुनीच. कौटिल्याने अर्थशास्त्रात अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखवले आहेत. त्याचा रोख चोरी पकडण्यावर आहे: हिशेब तपासा, हेर नेमा, दंड करा. ‘हितसंबंध नाही’ या वाक्याचे कूळ मात्र निराळे. ते चोरी झाली का, हे विचारतच नाही. पहिला धडा इंग्लंडमधला. लंडनजवळच्या रोमफर्ड बाजाराच्या उत्पन्नाचा पट्टा एका अज्ञान मुलासाठी विश्वस्त सांभाळत होता. मुदत संपली तेव्हा मालकाने मुलाच्या नावे पट्टा वाढवून द्यायला नकार दिला, म्हणून विश्वस्ताने तो स्वतःच्या नावावर घेतला. मुलाचे यात काही गेले नव्हते. पट्टा त्याला तसाही मिळणार नव्हता. तरी १७२६ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड किंग यांनी पट्टा आणि त्याचा नफा मुलाच्या पदरात टाकायला लावला. जगातल्या इतर कोणालाही तो पट्टा घेता आला असता, फक्त विश्वस्ताला नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. निकाल विश्वस्ताच्या वागण्याबद्दल नव्हता, तो कुठे उभा होता त्याबद्दल होता. फसवणूक सिद्ध करायला पुरावा लागतो आणि तो फसवणाऱ्याच्याच कपाटात असतो. माणूस कुठे उभा होता, हे मात्र सगळ्यांना दिसते.

दुसरा धडा बंगालमधला. कंत्राटे जाहिरात देऊन, दरसाल, सर्वांत किफायतशीर बोली पाहून द्यावीत, असे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचे हुकूम होते. तरी १७८१ मध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने अफूचे चार वर्षांचे कंत्राट जाहिरात न देता स्टीफन सलिव्हनला दिले. हा कंपनीचा अध्यक्ष लॉरेन्स सलिव्हन याचा मुलगा. त्याने ते कंत्राट ४० हजार पौंडांना विकले. घेणाऱ्याने पुढे ६० हजारांना विकले. एक तोळा अफू हातात न धरता केवळ कागदाच्या बळावर एवढी कमाई झाली. १७८८ मध्ये सुरू झालेल्या महाभियोगात कंत्राटे हा आरोपांचा एक भाग होता, आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, हेही सांगायला हवे. पण आपल्या कुळकथेसाठी महत्त्वाचे हे की लाभ घेणारा स्वतः अधिकारी नव्हता, अधिकाऱ्याच्या वरिष्ठाचा मुलगा होता. ‘अप्रत्यक्ष’ या शब्दाची गरज अशाच व्यवहारांतून कळते. नुसती बोली लावल्याने हा रोग बरा होत नाही, याचा दाखला तर महाराष्ट्रातच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती जास्तीत जास्त रक्कम कबूल करणाऱ्याला मक्त्याने दिल्या जात. मामलतदार पुढे पोटमक्तेदार नेमी, आणि सगळी चढाओढ शेवटी रयतेच्या अंगावर येई. बोली होती, स्पर्धा होती. मक्ता देणाऱ्याच्या हेतूला मात्र कुठेच लगाम नव्हता.

याच काळापासून कायदा वाक्याला आकार देऊ लागला. १७८२ मध्ये ब्रिटिश संसदेने सरकारी कंत्राटदारांना कॉमन्स सभागृहात बसायला बंदी केली. १८३५ च्या नगरपालिका कायद्याने तेच तत्त्व नगरसेवकांना लावले: पालिकेच्या कंत्राटात ज्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वाटा असेल, त्याला सदस्य राहता येणार नाही. हाच शब्दक्रम १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात उतरला आणि मराठीत सरकारी भाषेच्या अंगाने रुळला. तो लिहिणारे आंधळे नव्हते. पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वर्तमानपत्रात किंवा पालिकेशी व्यवहार करणाऱ्या भागभांडवली कंपनीत वाटा असला, तर तेवढ्यावरून सदस्यत्व जाणार नाही, असे अपवाद त्यांनी ठेवले होते. त्याआधी १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम १६९ आले. जी मालमत्ता घ्यायला लोकसेवकाला कायद्याने मनाई आहे ती त्याने स्वतःच्या नावाने, दुसऱ्याच्या नावाने किंवा भागीत विकत घेतली वा तिच्यावर बोली लावली, तरी तो गुन्हा. आज भारतीय न्याय संहितेत तेच कलम २०३ झाले आहे. ‘दुसऱ्याच्या नावाने’ हे शब्द वाचताना बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावरची दुकाने कोणाला आठवणार नाहीत?

पण वाक्याचा गाभा सर्वांत स्वच्छ दिसतो तो १८५४ च्या एका रेल्वे खटल्यात. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन रेल्वे कंपनीने रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी बैठका, ज्यांना ‘चेअर’ म्हणतात, टनाला ८ पौंड १० शिलिंग दराने ब्लेकी ब्रदर्सकडून घ्यायचे ठरवले. रेल्वे कंपनीचा अध्यक्ष टॉमस ब्लेकी हाच त्या पेढीचा कारभारी भागीदार. पुढे कंपनीने माल नाकारला, पेढी कोर्टात गेली. आपल्या सहज मनात येणारा प्रश्न असा, की दर बाजारभावापेक्षा जास्त होता का? निकाल देताना लॉर्ड क्रॅनवर्थ यांनी नेमका तोच प्रश्न ऐकायला नकार दिला. दर रास्त होता की नव्हता हे पाहायचेच नाही. ज्याचे हित आणि कर्तव्य एकमेकांच्या आड येऊ शकते, त्याने असा करार करायचाच नाही, आणि केला तर तो कंपनीवर बंधनकारक नाही. कारण साधे आहे. भाव योग्य होता की नाही हे ठरवायला लागणारी माहिती ज्याने भाव ठरवला त्याच्याचपाशी असते, आणि अध्यक्षाने नीट घासाघीस केली असती तर काय मिळाले असते, ते कोणताच हिशेबनीस सांगू शकत नाही.

आता विद्यापीठाकडे येऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. अशा संस्थेला विकत घ्यायचे ते काय? कागद, छपाई, फर्निचर. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी झाली, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात रसायन तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला, आणि उपकरणे, रसायने, काचसामान यांची खरेदी वाढत गेली. मात्र खरेदीचे नियम विद्यापीठाने स्वतःच्या कामातून घडवले नाहीत. सरकारी भांडार आणि बांधकाम खात्याचे तयार साचे आले. त्या साच्यात वस्तू आधीच ठरलेली असते. सिमेंटचे पोते म्हणजे सिमेंटचे पोते. प्रश्न फक्त कोणाकडून आणि किती दराने. म्हणून सगळा पहारा मोहोरबंद लखोट्यांवर, ते उघडण्याच्या वेळेवर आणि सर्वांत कमी दरावर. प्रयोगशाळेत उलटे असते. तिथे वस्तू काय असावी हेच मुख्य ठरवणे असते, आणि ते विभागातला एखादा जाणकार प्राध्यापक ठरवतो. तपशिलात भांड्याची खोली अमुक मिलिमीटर, पडदा अमुक इंच, असे एका कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे उतरले की निविदा निघण्याआधीच निकाल लागलेला असतो. त्यानंतर लखोटा कितीही लाखेने बंद करा.

केंद्राचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम यासाठी जवळून वाचण्यासारखे आहेत. नियम १५४ प्रमाणे किरकोळ खरेदी दरपत्रकाविना करताना अधिकाऱ्याने प्रमाणपत्र लिहायचे असते: माल हव्या त्या दर्जाचा आहे, पुरवठादार भरवशाचा आहे, किंमत वाजवी आहे. नियम १५५ खालच्या स्थानिक खरेदी समितीचे प्रमाणपत्रही जवळपास हेच बोलते. माल, दुकानदार, भाव, या तिन्हींची ग्वाही आहे. सही करणाऱ्याचे दुकानदाराशी नाते काय, हे मात्र त्या ओळींत नाही. क्रॅनवर्थ यांनी जो प्रश्न बाद केला तोच इथे विचारला जातो, आणि त्यांनी विचारलेला गाळला जातो. हितसंबंध उघड करण्याचे बंधन नियम १७५ मध्ये सचोटीच्या संहितेत आहे, पण ते वेगळ्या पानावर, सर्वसाधारण शब्दांत. नियम १६६ प्रमाणे एकाच उत्पादकाकडून खरेदी करायची तर अमुक मालाशिवाय दुसरा चालणार नाही, असे वापरणाऱ्या विभागाने लिहून द्यायचे. संपूर्ण फायलीत सर्वांत जास्त ताकद याच कागदात असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्येही खरेदी समितीची तरतूद आहे; पण समिती बसते तेव्हा तिच्या पुढ्यात तपशील तयार होऊन आलेला असतो.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की विषय जितका खोल तितकी जाणकार मंडळी थोडी. वस्तुमानमापकातले कळणारी चार माणसे, आणि चौघांचीही उपकरणे विकणाऱ्यांशी ओळख. सगळ्यांना उठवून लावले तर निवडणार कोण? हे खरे आहे. पण ओळख आणि हितसंबंध एक नव्हेत, आणि १८८८ च्या कायद्याचे अपवाद हाच फरक सांगतात. विक्रेत्याच्या प्रशिक्षणाला गेलेला प्राध्यापक आणि पेढीत भागीदार असलेला प्राध्यापक यांना एका मापाने तोलू नये. पहिल्याने सांगावे आणि बसावे, आपले मत लेखी द्यावे. दुसऱ्याने सांगावे आणि उठावे. दुसरा आक्षेप म्हणजे आता सगळे सरकारी ई-खरेदीच्या जेम पोर्टलवर होते, माणूस मध्ये येतोच कुठे? तो तपशिलात येतो. पोर्टल दर जुळवते, गरज जुळवत नाही. तिसरा आक्षेप मानाचा. आयुष्य शिकवण्यात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे नव्हे काय? मला वाटते, वाक्याचे कूळ माहीत नसल्यामुळेच असे वाटते. रोमफर्डच्या विश्वस्तावर लबाडीचा ठपका नव्हता. हा प्रश्न चारित्र्याचा असता तर तो फक्त संशयितांना विचारावा लागला असता आणि मग खरोखरच अपमान झाला असता. सर्वांना, आधीच, एकाच शब्दांत विचारला की तो खुर्चीचा प्रश्न राहतो, माणसाचा राहत नाही.

गेल्या चार दशकांत या प्रश्नाला नवी धार आली आहे. अमेरिकेत १९८० च्या बाय-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची पेटंटे विद्यापीठांना ठेवता आली, आणि प्राध्यापकांच्या कंपन्या उभ्या राहू लागल्या. १९९५ मध्ये तिथल्या आरोग्य संशोधनाच्या नियमांनी १० हजार डॉलरच्या वरचे हितसंबंध सांगणे बंधनकारक केले; २०११ मध्ये ती मर्यादा ५ हजारांवर आणली. संघीय अनुदानातून होणाऱ्या खरेदीचे नियम आणखी बारीक आहेत. कर्मचाऱ्याचे स्वतःचे, जवळच्या कुटुंबीयांचे, भागीदाराचे किंवा जिथे त्याची नोकरी ठरत आली आहे त्या संस्थेचे हित असेल, तर त्याने पुरवठादाराच्या निवडीत, करार देण्यात आणि पुढे तो राबवण्यातही भाग घ्यायचा नाही. राबवण्यातही, कारण यंत्र आल्यावर वर्षानुवर्षे देखभालीचा करार चालतो आणि बिले मंजूर करणारा बहुधा यंत्र मागणाराच असतो. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष व स्टार्टअप धोरणाने प्राध्यापकांना उद्योग काढायला मोकळीक दिली, आणि ती हवीच होती. २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांची खरेदी रखडू नये म्हणून २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदा मंजूर करण्याचे अधिकार कुलगुरू आणि संचालकांना मिळाले. संशोधकांची तक्रार रास्त होती; अनुदानाची मुदत संपत आली तरी यंत्र येत नसे. पण मंजुरीच्या पायऱ्या कमी झाल्या की मागणी लिहिणारा आणि मंजुरी देणारा यांच्यामधले हात कमी होतात, आणि मागणीपत्र लिहिणाऱ्याचा कागद अधिकच जड होतो. म्हणून ते वाक्य तिथे हवे, मागणीपत्राच्या पहिल्या पानावर: तपशील कोणी लिहिला, कोणाकोणाशी बोलून लिहिला, त्यांच्याशी लिहिणाऱ्याचे काय नाते आहे, आणि खाली सही. सहीखालची तारीख दरपत्रके मागवण्याच्या आधीची असावी.