दिवा स्वस्त झाला, मग बिल का नाही झालं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं..." काढून टाकलेत.

आजचा विषय आहे धंद्याच्या जागेबाहेरचा उजेड. दुकानाच्या पाटीवरचा, मंगल कार्यालयाच्या पार्किंगमधला, पेट्रोल पंपावरचा, ढाब्यासमोरचा. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी असा काही ना काही धंदा असेल. घरात मोबाईल सगळ्यात जास्त तुमच्याच हातात, त्यामुळे "कमी वीज खाणारे फोकस कुठले घ्यायचे ते जरा बघ रे" हे काम तुमच्याच गळ्यात पडतं. एका शब्दात उत्तर द्यायचं तर एलईडी. पण ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

सुरुवात इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या एका कापड गिरणीतून. तिथे विल्यम मर्डॉक नावाच्या इंजिनिअरने कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे बसवले. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट माहितीये ना, त्याच्या कंपनीतला हा माणूस. १८०८ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर या गिरणीचा हिशोब मांडला. रोज सरासरी दोन तास दिवे लागतात असं धरलं, तर मेणबत्त्यांचा वर्षाचा खर्च २००० पौंड आणि गॅसचा सगळं धरून ६०० पौंड. धंद्याच्या जागेसाठी दोन प्रकारच्या उजेडांची केलेली ही अगदी सुरुवातीची तुलना. आज लाईटवाला आपल्याला "साहेब, दोन वर्षांत पैसे वसूल" म्हणून जो कागद दाखवतो, त्याचा पणजोबाच म्हणा.

पण मर्डॉक तिथेच थांबला नाही. तो म्हणाला, रोज तीन तास दिवे लावले तर मेणबत्त्यांना ३००० पौंड लागतील आणि गॅसला जेमतेम ६५०. म्हणजे दिवे जितका जास्त वेळ लावाल, तितका फायदा मोठा दिसणार! बचतीचा हिशोब सुरू झाला आणि त्याच कागदावर जास्त जाळायचं आमंत्रणही आलं. आजच्या भागातली खरी गोम ही आहे.

ती नीट पकडली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने. १८६५ मध्ये त्याने कोळशावर एक पुस्तक लिहिलं. इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली, तरी देशाचा कोळशाचा खप कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला, हे त्याने दाखवून दिलं. एखादी गोष्ट वापरणं स्वस्त झालं की आपण ती जास्त वापरतो. याला आज जेव्हन्सचा विरोधाभास म्हणतात. गंमत म्हणजे त्याच १८६५ मध्ये आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले.

आता मुंबईतच थांबू, कारण पुढची गोष्ट क्रॉफर्ड मार्केटची आहे. आत्ताची महात्मा फुले मंडई. १८८२ मध्ये इथे विजेचे दिवे लागले. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने नगरपालिकेशी तसा करारही केला, मार्केटसाठी आणि काही रस्त्यांसाठी. नवीकोरी टेक्नॉलॉजी, भर बाजारात! आणि करारानंतर पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली. मार्केट परत गॅसवर. शहराला नियमित वीज मिळायला १९०५ उजाडलं, तेव्हाची बेस्ट कंपनी आली तेव्हा.

याचा आपल्याशी काय संबंध? तर नुसता दिवा चांगला असून भागत नाही, त्याच्या मागे उभं कोण आहे हेही बघावं लागतं. आजच्या एलईडी फोकसमध्ये बऱ्याचदा चिप शाबूत असते, पण आतला ड्रायव्हर जातो. वीज कमीजास्त झाली, पाणी शिरलं, खेळ खलास. म्हणून घेताना विचारा: ड्रायव्हर वेगळा बदलता येतो का? व्होल्टेज वाढलं तर आत संरक्षण आहे का? पावसासाठी आयपी ६५ किंवा त्याच्या वरचं रेटिंग आहे का? वॉरंटी लेखी आहे का? आणि ती देणारा पुढच्या वर्षी फोन उचलेल का?

पुढची पन्नास वर्षं भराभर उडी मारत जाऊ. १९३२ मध्ये नेदरलँड्समध्ये सोडियमचे दिवे रस्त्यावर आले. वीज एकदम कमी खायचे, पण उजेड पिवळाधमक, एकाच रंगाचा. त्यात लाल साडी आणि निळा शर्ट दोन्ही मळकट दिसायचे. रस्त्याला चालेल, पण कापड दुकानाच्या दारात कोण लावेल? म्हणजे कमी वॅट हा एकच निकष तेव्हाही पुरत नव्हता. नंतर जास्त दाबाचे सोडियम दिवे आले, थोडे सोनेरी आणि बरे. मरीन ड्राइव्हचा तो जुना सोनेरी हार याच दिव्यांचा. २०१५ मध्ये तिथे पांढरे एलईडी लावले तेव्हा "हार गेला!" म्हणून केवढा वाद झाला, आणि शेवटी पिवळसर छटा परत आणावी लागली.

आता अमेरिकेतल्या दोन गोष्टी. ॲरिझोनात फ्लॅगस्टाफ नावाचं गाव आहे, तिथे मोठी वेधशाळा आहे. गिऱ्हाईक खेचायला दुकानदार आकाशात सर्चलाइट फिरवायचे आणि वेधशाळेला तारे दिसेनात. १९५८ मध्ये गावाने जाहिरातीच्या सर्चलाइटवर बंदीच घातली. धंदे बंद पडले का? नाही. २००१ मध्ये तेच गाव जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय' शहर ठरलं.

दुसरी गोष्ट १९७३ ची. अरब देशांनी तेल रोखलं आणि २५ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन टीव्हीवर आले. घरांबाहेरची शोभेची रोषणाई कमी करा आणि धंद्याच्या ठिकाणी फक्त ओळख पटवणारे दिवे ठेवा, बाकी बंद, असं त्यांचं म्हणणं. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. कारण तिथे "कुठला दिवा?" असा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, "हा दिवा कशासाठी?" पाटी वाचता यावी म्हणून की शेजाऱ्यापेक्षा आपण झगमगीत दिसावं म्हणून?

मग आला एलईडी. १९९३ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी करून दाखवला. त्यातूनच पांढरा एलईडी शक्य झाला, आणि २०१४ चं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. आपल्याकडे सरकारी घाऊक खरेदीत एलईडी बल्ब २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ वर आला. जबरदस्त! पण २०१२ ते २०१६ या काळात उपग्रहांनी रात्रीची पृथ्वी मोजली, तर दिव्यांनी उजळलेला भाग कमी झाला नव्हता, दरवर्षी २.२ टक्क्यांनी वाढत होता. जेव्हन्स वर बसून हसला असेल.

चला, एक हिशोब मांडू. पार्किंगमध्ये ४०० वॅटचे १० जुने मेटल हॅलाइड आहेत, ज्यांना आपण सरसकट 'हॅलोजन' म्हणतो. ते रात्री १२ तास जळतात. चोकचा खर्च सोडला तरी ४८ युनिट. त्या जागी १५० वॅटचे १० एलईडी लावा, १८ युनिट. मस्त. आता मालक म्हणाला, "एवढी बचत होतेय तर पाटीवर लाव, झाडांवर लाव, भिंतीवर पण लाव," आणि १० चे झाले ३०. बिल? ५४ युनिट. हॅलोजनपेक्षा जास्त! उलट ते १० च ठेवून साध्या टायमरने रात्री ११ नंतर ६ बंद केले तर सव्वा अकरा युनिट. दिवा तोच, फरक फक्त स्विचचा.

"पण अंधारात चोरी झाली तर?" हा प्रश्न खरा आहे, त्याला हसू नका. रात्रपाळीच्या वॉचमनला भीती वाटता कामा नये. पण डोळ्यावर येणारा फोकस त्याला आंधळाच करतो. त्या झगझगाटापलीकडच्या सावलीत उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही, कॅमेऱ्यालाही नीट टिपता येत नाही. त्यामुळे फोकसचं तोंड खाली वळवा, वर टोपी असलेलं फिटिंग घ्या, उजेड जमिनीवर एकसारखा पडू द्या. मागच्या कोपऱ्यात माणूस आला की पेटणारा सेन्सर लावा. खोक्यावर वॅट बघून थांबू नका, एका वॅटला किती ल्युमेन मिळतात ते बघा. रंग ३००० केल्विन किंवा त्याहून कमी घ्या, डोळ्यांना बरा आणि रात्रीच्या पाखरांनाही.

फ्रान्समध्ये २०१३ पासून नियमच आहे, इमारतींच्या दर्शनी भागावरचे दिवे रात्री एकला बंद. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे काळोखसुद्धा आता जपायची गोष्ट झालीये.

तर पुढच्या वेळी घरचे म्हणाले, "दिवे बघ," तर दुकानात जायच्या आधी रात्री अकराला आपल्याच जागेभोवती एक चक्कर मारा. प्रत्येक दिव्याखाली उभं राहून विचारा, आत्ता हा कोणासाठी जळतोय? ज्याचं उत्तर मिळणार नाही, त्याच्या जागी नवा एलईडी घेऊ नका. तो काढूनच टाका. त्याहून कमी वीज खाणारा दिवा अजून कोणी बनवलेला नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हो, बाहेरचा लाईट बंद करून झोपा!