मुखातील जंतू आणि देहव्याधी : मिलरचे संशोधन

मुखातील जंतू व इतर देहव्याधी यांच्या संबंधाचा पद्धतशीर विचार प्रथम मांडणाऱ्यांत विलोबी डेटन मिलर (१८५३–१९०७) याची गणना केली पाहिजे. तो जन्माने अमेरिकन, व्यवसायाने दंतवैद्य. कर्मभूमी मात्र बर्लिन. तेथे रॉबर्ट कॉखच्या जंतुशास्त्रीय पद्धती त्याने आत्मसात केल्या. १८८४ साली तो तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाला व १८९१ मध्ये मानवी मुख हे संसर्गाचे ‘फोकस’ आहे, असे प्रतिपादन करणारा निबंध त्याने प्रसिद्ध केला. (या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चूल.) चूल धुमसते म्हणून घर पाडावे, असा मिलरचा आग्रह नव्हता, रोगट दाताची मुळे स्वच्छ करून ती भरावीत, याकडेच त्याचा कल होता. तो विवेक पुढे टिकला नाही. विल्यम हंटरच्या १९१० मधील माँट्रियल येथील व्याख्यानानंतर सरसकट दात उपटण्याची लाटच आली. १९३८ साली सेसिल व अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांच्या अभ्यासातून तिची निष्फळता दाखविली. परंतु उपचाराबरोबर मूळ प्रश्नही अडगळीत पडला. १९८९ मध्ये फिनलंडच्या मॅटिला प्रभृतींनी हृदयविकाराच्या संदर्भात तो पुन्हा उपस्थित केला. संबंध पुष्कळदा आढळला आहे. कार्यकारणभाव मात्र अद्याप निर्विवाद सिद्ध झालेला नाही.