अबू माशर बल्खी आणि वर्षफलातले अरबी शब्द

अबू माशर जाफर बिन मुहम्मद अल-बल्खी (इ.स. 787 ते 886) हे अब्बासी खिलाफतीच्या काळातले सर्वांत नावाजलेले नजूमी, म्हणजे फलज्योतिषी. जन्म खुरासानातल्या बल्खचा. हे शहर आज अफगाणिस्तानात आहे. उमेदीचा काळ बगदादमध्ये गेला आणि इंतकाल इराकमधल्या वासित इथे झाला. युरोपात ते 'अल्बुमासर' या नावाने ओळखले गेले. आपल्या पुण्यात कुणी ज्योतिषाकडून वर्षफल काढून घेतलं, तर त्या हिशेबात याच परंपरेचे शब्द असतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

हदीसकडून नजूमकडे

इब्न अन-नदीम यांनी 'अल-फिहरिस्त'मध्ये त्यांची हकीकत दिली आहे. अबू माशर आधी हदीसचे अभ्यासक होते. तत्त्वज्ञ अल-किंदी यांच्याविरुद्ध ते लोकांना भडकवत. अल-किंदींनी भांडण न करता त्यांना गणिताची गोडी लागेल अशी व्यवस्था केली. गणितातून ते नजूमकडे वळले तेव्हा वय होतं 47. खलीफा मुस्तईनच्या काळात त्यांचं एक भाकीत खरं ठरलं म्हणून त्यांना कोरडे बसले, अशीही नोंद आहे!

प्रमुख ग्रंथ

'अल-मदखल अल-कबीर' (इ.स. 848च्या सुमारास) हा सर्वांत मोठा. यात भरती-ओहोटी आणि चंद्र यांच्या संबंधाची सविस्तर चर्चा आहे. बाराव्या शतकात याची दोन लॅटिन भाषांतरं झाली. दुसरा ग्रंथ गुरू-शनीच्या युतीवरून राज्यांचा उदय-अस्त सांगणारा. तिसरा 'तहावील सिनी अल-मवालीद', म्हणजे माणसाच्या जन्मापासून दरवर्षी सूर्य त्याच जागी आला की त्या वर्षाचं फल पाहायची पद्धत. मराठीत यालाच वर्षफल म्हणतात.

ताजिक : आपल्याकडे आलेली शाखा

ही विद्या संस्कृतात 'ताजिक' नावाने आली. फारसीत अरबांसाठी जो जुना शब्द होता, त्यावरून हे नाव पडलं. तेराव्या शतकात गुजरातचे समरसिंह यांनी यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. ताजिकात सोळा योग आहेत. त्यांची मांडणी मुख्यतः सहल बिन बिश्र या खुरासानातल्या ज्यू ज्योतिषाच्या अरबी ग्रंथाशी जुळते. घरात उर्दू बोलणाऱ्याला यातली नावं लगेच ओळखू येतील :

इक्कवाल – इक्बाल (भरभराट)
इंदुवार – इदबार (उतरती कळा)
इत्थशाल – इत्तिसाल (जुळणं)
मणऊ – मना (अडवणं)
कंबूल – कबूल
गैरिकंबूल – गैर-कबूल
रद्द – रद्द, जसाच्या तसा!

'मुंथा' हा शब्द 'मुंतहा'वरून आला. 'पुण्यसहम'मध्ये तर पुण्य संस्कृत आणि सहम अरबी.

या शाखेचं सर्वांत चाललेलं पुस्तक 'ताजिकनीलकंठी' (इ.स. 1587). लेखक नीलकंठ दैवज्ञ यांचं घराणं मूळचं विदर्भातलं, पुढे काशीत स्थायिक झालेलं. ते अकबर बादशहाच्या दरबारात पंडित होते असं सांगितलं जातं. ब्राह्मण पंडिताने 'यवनांची' विद्या म्हणून ती टाकली नाही. शब्दही लपवले नाहीत.

पुण्याच्या एका शिक्षकाची नोंद

शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853–1898) पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक होते. त्यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (1896) या मराठी ग्रंथात ताजिकाची माहिती आहे आणि ही शाखा मुसलमानांकडून आली हे त्यांनी सरळ मांडलं आहे. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्यासोबत त्यांनी इंग्रजीत पंचांगावर ग्रंथ काढला. त्यात हिजरी तारखांची कोष्टकंही आहेत.

मग आपण वर्षफल पाहावं का?

नाही. भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आपल्या आलिमांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. 'इल्म-ए-हयत', म्हणजे ग्रह-ताऱ्यांची चाल मोजणं, हे जायज. किबला, नमाजच्या वेळा, रमजानचा चांद यांना ते लागतंच. 'अहकाम-ए-नुजूम', म्हणजे ताऱ्यांवरून नशीब सांगणं, यावर मात्र कडक टीका झाली. दख्खनमध्ये हयतचीही कदर होती. बहमनी सुलतान फिरोजशाहने 1407 मध्ये दौलताबादजवळ वेधशाळा बांधायला घेतली होती. काम पाहणारे हकीम हसन गिलानी वारले आणि ती अपुरी राहिली.

अबू माशर यांच्या भविष्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. पण मुलं शाळेतून येऊन "आपले लोक या देशाला काय देऊन गेले?" असं विचारतात, तेव्हा ताजमहाल आणि बिर्याणीच्या पुढे जाऊन हे सोळा शब्दही सांगावेत. आणि देणं-घेणं दोन्हीकडून होतं हेही सांगावं : ज्या अंकांवर अबू माशर यांच्या काळातलं बगदाद हिशेब शिकत होतं, ते अंक इथूनच तिकडे गेले होते.