एएस/४०० ला जोडणारे पीसीवरचे सॉफ्टवेअर बदलताय? आधी 'या' गोष्टी तपासा, नाहीतर सोमवारी सकाळी काम ठप्प!

गावाकडची अनेक मुले-मुली पुणे-मुंबईच्या कंपन्यांत, गोडाऊनमध्ये, हिशेब विभागात कामाला आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या टेबलावर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे असलेली एक खिडकी रोज उघडते. बिल, स्टॉक, पगार सगळे त्यातच. ही खिडकी दाखवणारे सॉफ्टवेअर जुने झाले की ते बदलावे लागते. पण हे काम घाईत केले तर बिल निघत नाही, आणि बिल नाही तर गाडी गेटबाहेर पडत नाही. म्हणूनच ही सविस्तर माहिती.

एएस/४०० म्हणजे नेमके काय?

आयबीएम कंपनीने २१ जून १९८८ रोजी हा मध्यम आकाराचा सर्व्हर जाहीर केला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर इथे तो तयार झाला. पुढे नाव बदलत गेले. २००० मध्ये आयसिरीज, २००६ मध्ये सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणारी 'आयबीएम आय' ही प्रणाली. नावे बदलली तरी जुने प्रोग्राम चालत राहिले, त्यामुळे जुनी माणसे आजही 'एएस फोर हंड्रेड'च म्हणतात.

जोडणारे सॉफ्टवेअर कशाला लागते?

सर्व्हरची भाषा वेगळी, पीसीची वेगळी. सर्व्हर अक्षरे 'एब्सिडिक' पद्धतीने साठवतो, पीसी 'आस्की' किंवा युनिकोड पद्धतीने. मधला दुभाषी म्हणजे हे सॉफ्टवेअर. पडदा दाखवणे (याला ५२५० म्हणतात), सर्व्हरवरची माहिती एक्सेलमध्ये उतरवणे, प्रिंट काढणे ही कामे तेच करते.

बदलायची गरज काय?

वर्षानुवर्षे वापरात असलेले 'आयबीएम आय अ‍ॅक्सेस फॉर विंडोज' याला कंपनीचा पाठिंबा ३० एप्रिल २०१९ रोजी संपला. विंडोज १० साठी ते अधिकृतपणे कधी नव्हतेच. काही ठिकाणी ते अजून चालते, पण बिघडले तर दुरुस्ती मिळत नाही. त्याच्या जागी आता 'अ‍ॅक्सेस क्लायंट सोल्यूशन्स', म्हणजे एसीएस आहे. ते जावावर चालते, म्हणून विंडोजसोबत लिनक्स आणि मॅकवरही चालते.

बदलण्याआधी काय करावे?

१. यादी करा. कोणत्या पीसीवर कोणते सेशन, कोणता प्रिंटर, कोणती एक्सेल शीट सर्व्हरला जोडलेली आहे ते वहीत लिहून ठेवावे. पडदा सगळ्यांना दिसतो, पण महिन्यातून एकदाच लागणारी शीट कुणाच्या लक्षात राहत नाही.

२. जुन्या फायलींची कॉपी ठेवा. सेशनच्या फायली, कीबोर्डची मांडणी, डेटा उतरवण्याच्या फायली पेनड्राइव्हवर घ्याव्यात. जुनी सेशन एसीएसमध्ये आणता येतात.

३. जावा तपासा. जावा ८ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. ऑरॅकलची जावा कंपनीत वापरायची तर परवान्याच्या अटी वाचाव्यात. ओपनजेडीके मोफत मिळते.

४. फायरवॉलमधले पोर्ट बघा. साध्या पडद्यासाठी २३, सुरक्षित पडद्यासाठी ९९२. साइन-ऑनसाठी ८४७६, डेटाबेससाठी ८४७१. सुरक्षित जोडणीत हेच ९४७६ आणि ९४७१ होतात. पडदा उघडतो पण डेटा उतरत नाही, अशी तक्रार आली तर आधी इथेच बघावे.

बदल कसा करावा?

एसीएसचा जावा भाग जुन्या सॉफ्टवेअरच्या शेजारी राहू शकतो. त्यामुळे आधी एकाच पीसीवर तो टाकून काही दिवस दोन्ही चालू ठेवावेत. महिनाअखेरीला हात लावू नये.

एक्सेल किंवा इतर प्रोग्रामला सर्व्हरशी जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हर जावा भागात येत नाही. तो 'विंडोज अ‍ॅप्लिकेशन पॅकेज' या वेगळ्या पॅकेजमध्ये असतो. इथे एक गोष्ट हमखास चुकते. एक्सेल ३२ बिटचे असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच लागतो, विंडोज ६४ बिटची असली तरी. हे पॅकेज चाचणी झाल्यावरच, शेवटी बसवावे.

नेहमी होणाऱ्या तीन चुका

• एका पीसीची सेशन फाइल जशीच्या तशी सगळीकडे टाकणे. त्यात वर्कस्टेशनचे नाव ठरलेले असेल तर पहिला पीसी जोडला जातो आणि दुसऱ्याला सर्व्हर जागा देत नाही.

• जुना पासवर्ड साठवून ठेवणे. चुकीचा पासवर्ड ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा गेला की युजर बंद पडू शकतो. मग अ‍ॅडमिनला शोधत बसा.

• कीबोर्ड न तपासणे. वर्षानुवर्षे बोटांना सवय झालेली 'फील्ड एक्झिट'ची कळ जागेवर नसेल तर ऑपरेटरचे काम निम्म्यावर येते. एफ१३ ते एफ२४ साठी शिफ्ट दाबून एफ१ ते एफ१२ चालतात का, तेही बघावे.

सुरक्षेचे काय?

पोर्ट २३ वरून जाणारा युजर आणि पासवर्ड उघडा जातो. नेटवर्कवर मध्ये बसलेल्याला तो वाचता येतो. बदल करतच आहोत तर सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवून ९९२ वर जावे. यासाठी वेगळा खर्च असेलच असे नाही, पण अ‍ॅडमिनचा वेळ मात्र लागतो.

शेवटचे पण महत्त्वाचे

सगळे नीट चालले तरी जुने सॉफ्टवेअर लगेच काढू नये. एक महिनाअखेर नव्यावर पार पडू द्यावी. पगार, बिल आणि स्टॉकचा ताळा जुळला, की मगच जुन्याला निरोप द्यावा.