एक जकात, दोन सत्ता : गोवा सरहद्दीवरचा १८७८ चा करार

२६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बन येथे करार झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थान व गोवा यांची जकात एक झाली. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा दक्षिण भाग याच सरहद्दीला लागून आहे. मालवण आणि वेंगुर्ले ही बंदरे १८१२ पासून इंग्रजांकडे होती. शेजारचा मुलूख सावंतवाडी संस्थानचा होता. सरहद्दीपलीकडे सोयरीक, कुलदैवते आणि बाजारहाट होता, मध्ये मात्र जकातनाके होते.

या नाक्यांवरच्या वादाचे मूळ मिठात होते. इंग्रजी मुलखात मिठावर जबर कर होता, गोव्यात तेच मीठ स्वस्त मिळे. बांगडे, तारल्या खारवायच्या तर मीठ भरपूर लागते. साहजिकच गोव्याचे मीठ खाडीतून आणि रानवाटांनी चोरून येई.

करार जानेवारी १८८० मध्ये अमलात आला. नाके उठले, माल मोकळा झाला. बदल्यात गोव्यातील मीठ उत्पादनाचा मक्ता इंग्रज सरकारकडे गेला आणि त्यापोटी पोर्तुगीजांना वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. दारूवरचा करही इंग्रजी दराच्या बरोबरीला आला. गोव्यातील मुरगाव बंदर आणि तेथून घाटावर जाणारी रेल्वे बांधण्याचेही ठरले.

याची झळ सामान्यांना बसली. गोव्यातील अनेक मिठागरे बंद पडली, मीठ महागले, माडी काढणाऱ्या रेंदेरांवर कराचा बोजा वाढला. १८८८ मध्ये रेल्वे कॅसलरॉकपर्यंत पोहोचली आणि आंबोली घाटाने वेंगुर्ल्याला उतरणारा बेळगावकडचा माल मुरगावकडे वळू लागला. त्यातच १८८२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानने बहुतेक आयात जकाती रद्द केल्या होत्या, म्हणून दोन्ही सरकारांना वाटून घ्यायला जकातीचे फारसे उत्पन्नही उरले नाही. कराराची बारा वर्षांची मुदत जानेवारी १८९२ मध्ये संपली. कराराचे नूतनीकरण झाले नाही आणि नाके परत आले.

इंग्रजी मुलखातला मिठावरचा कर मात्र टिकला. त्याच कराविरुद्ध मे १९३० मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. सरहद्दीवरची जकात कायमची संपली ती १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर.

अनेक राज्यांची जकात एक करणाऱ्या १८३४ च्या जर्मन जकातसंघात सदस्य राज्यांना मत होते. गोव्याच्या कराराची कलमे मात्र लंडन आणि लिस्बन यांनी ठरवली. मिठागरवाल्याला, रेंदेराला किंवा वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्याला कोणी विचारले नाही. हा करार बारा वर्षांच्या मुदतीपुढे टिकला नाही, यात नवल नाही. शेजारी मुलखांचे एकीकरण टिकवायचे असेल, तर ज्यांच्या पोटावर त्याचा परिणाम होतो त्यांना त्यात वाटा आणि शब्द दोन्ही हवेत.